प्लॉटची विंडो पांढरी का पडते : क्यूटीच्या प्रोग्रॅममध्ये आर बसवतानाची कसरत

नमनाला घडाभर तेल नको, आधी काम काय होतं ते सांगतो. चाकणला गाड्यांचे पार्ट बनवणारी एक कंपनी आहे, त्यांच्या क्वालिटी डिपार्टमेंटसाठी मी क्यूटीमध्ये (विंडो, बटणं वगैरे बनवायची तयार लायब्ररी), म्हणजे सी प्लस प्लसमध्ये, एक डेस्कटॉप प्रोग्रॅम लिहून दिला होता, मोजमापाच्या मशीनवरून आकडे घ्यायचे, साठवायचे, टेबलात दाखवायचे एवढंच. मग तिथल्या साहेबांना कंट्रोल चार्ट (मोजमापं लिमिटच्या आत आहेत का ते दाखवणारे) हवे झाले, सीपीके (माल ठरलेल्या मापात कितपत बसतो त्याचा आकडा) हवा झाला, आणि हे सगळं आर मध्ये, म्हणजे संख्याशास्त्राच्या प्रोग्रॅमिंग भाषेत, आयतं मिळतं, क्यूसीसी नावाचं पॅकेजच आहे. मी म्हटलं आर आतच बसवून टाकतो. साहेबांना आर म्हणजे एक्स-बार आर चार्टमधला आर (रेंज, सगळ्यात मोठ्या आणि लहान मापातला फरक) वाटला, ते म्हणाले "तो तर पाहिजेच", आणि तो घोळ आमच्यात एक पूर्ण मीटिंग चालला.

मशीनं सगळी उबंटूवर होती, लायसनचे पैसे वाचवायला. ते माझ्या पथ्यावर पडलं, कारण उबंटूचं आर शेअर्ड लायब्ररीसकट येतं, आणि ती लायब्ररी नसेल तर आर दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये बसवायचा विषयच संपतो, स्वतः कंपाइल करत बसावं लागतं.

मला वाटलेलं दोन दिवसांचं काम आहे. अडीच महिने गेले.

सुरुवात सरळ सी च्या फंक्शननी केली आणि पहिल्याच रनला टर्मिनलवर आलं, फेटल एरर, आर होम डिरेक्टरी इज नॉट डिफाइन्ड. साधं आहे, आर टर्मिनलवरून चालू करतो तेव्हा एक शेल स्क्रिप्ट आधी सगळे पाथ सेट करून देते, आपण लायब्ररीला थेट हात घातला की ते आपल्यालाच करावं लागतं. तासाभरात ते झालं पण एकूण रंग बघून मी आरइनसाइडवर गेलो. डर्क एडेलब्युटेल आणि रोमां फ्रांस्वा यांचं, सी प्लस प्लसमध्ये आर बसवून देणारं पॅकेज आहे, पाथ बघतं, आर ला स्वतःचे सिग्नल हँडलर लावू देत नाही, स्टॅकची तपासणी बंद करतं, आणि मुख्य म्हणजे आर मधली एरर सी प्लस प्लसच्या एक्सेप्शनसारखी हातात देतं. हे शेवटचं फार महत्त्वाचं आहे कारण आर मध्ये एरर आली की ते लाँगजंप मारतं, मधल्या सी प्लस प्लसच्या ऑब्जेक्टांचे डिस्ट्रक्टर (शेवटी आवराआवर करणारी फंक्शनं) वगैरे कोण विचारतो, सरळ उडी. तुम्ही मध्ये कुठे लॉक धरून बसला असाल तर तो लॉक जन्मभर तसाच.

बेरीज झाली, मीन आला, सीपीके आला, मी खूश. मग प्लॉटची कमांड दिली. काहीच नाही. एरर नाही, विंडो नाही. चार-पाच वेळा बटण दाबलं, म्हटलं कुठे मागे लपली असेल. शेवटी प्रोग्रॅमच्या फोल्डरात बघितलं तर आरप्लॉट्स नावाची एक पीडीएफ पडलेली, आणि तिच्यात माझे सगळे चार्ट शहाण्यासारखे एकेका पानावर. झालं असं की आरइनसाइड डिफॉल्टला आर ला सांगतं की समोर माणूस बसलेला नाही, आणि समोर माणूस नसेल तर आर विंडो कशाला उघडेल, ते पीडीएफ लिहितं. कन्स्ट्रक्टरला शेवटचा इंटरॅक्टिव्हवाला पॅरामीटर ट्रू दिला, वर एक्स११ डिव्हाइस (लिनक्सवर आर ची चार्ट दाखवणारी विंडो) स्वतः उघडायला लावलं, आणि विंडो आली.

आली, पण पांढरी.

पूर्ण पांढरी. टायटल आहे, बॉर्डर आहे, आत काही नाही. कोपरा धरून मोठी केली तर वाढलेल्या भागात मागच्या टर्मिनलचा कचरा तसाच चिकटलेला. फुलीवर क्लिक केलं तर बंद होत नाही. आणि गंमत म्हणजे तीच कमांड आर च्या टर्मिनलवर दिली की चार्ट झकास, ताणा, दाबा, बंद करा. तेव्हा आर मध्ये बिघाड नाही आणि माझ्या प्रोग्रॅमचं मेन विंडो पण व्यवस्थित चालतंय, मग मधल्या मध्ये हे भूत कुठलं.

यात माझे चार दिवस गेले, आणि उत्तर कळलं तेव्हा वाटलं हे आधी कुणी दोन वाक्यांत सांगितलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून मी सांगतो. आपल्याला वाटतं टर्मिनलवर आर आपल्या कमांडची वाट बघत नुसतं बसलेलं असतं. तसं नाही. वाट बघता बघता ते सिलेक्ट (अनेक ठिकाणी एकदम कान लावून ठेवणारा सिस्टिम कॉल) लावून बसलेलं असतं, कीबोर्डवरून काही आलं का, पडद्यावरच्या विंडो सांभाळणाऱ्या एक्स सर्व्हरकडून काही आलं का, कुणी विंडो ताणली का, कुणी फुली दाबली का. म्हणजे प्लॉटची विंडो जिवंत ठेवायचं काम कमांड वाचणाऱ्या त्या कोडातच आहे. आणि एम्बेड केलं की तो कमांड वाचणारा भाग चालतच नाही, कारण कमांडी आता मी देतोय. इकडे क्यूटीचं स्वतःचं इव्हेंट लूप, म्हणजे क्लिक वगैरेचे निरोप सतत वाचत राहणारा फेरा, आहे पण त्याचं एक्स सर्व्हरशी स्वतःचं वेगळं कनेक्शन आहे, आर च्या विंडोचे निरोप आर च्या कनेक्शनवर येऊन पडतात आणि ते उघडून वाचायला घरात कुणीच नाही. एका घरात दोन कारभारी, आणि दुसऱ्याला वाटतंय की घर आपणच चालवतोय.

उपाय आर च्याच मॅन्युअलात आहे, रायटिंग आर एक्स्टेन्शन्समध्ये इव्हेंट लूप जुळवण्यावर एक छोटा भाग आहे, आणि सुरुवातीलाच कबुली आहे की फ्रंट एंड बनवताना सगळ्यात अवघड गोष्टींपैकी ही एक. आर च्या सोर्समध्ये टेस्ट्सच्या खाली एम्बेडिंग नावाचं फोल्डर आहे ते पण उघडून बघा. तर करायचं एवढंच की क्यूटीचा एक टायमर लावायचा, माझा ५० मिलिसेकंदांचा आहे, आणि दर ठोक्याला दोन फंक्शनं बोलवायची, एक आर चेकॲक्टिव्हिटी, जे सांगतं कुठल्या कनेक्शनवर निरोप आलाय, आणि दुसरं आर रनहँडलर्स, जे ते निरोप ज्याचे त्याला पोचवतं.

इथे मी दोन चुका केल्या, दोन्ही लिहून ठेवतो.

पहिली म्हणजे चेकॲक्टिव्हिटीला वेळ किती द्यायचा तिथे मी उणे एक दिला, मला वाटलं उणे एक म्हणजे थांबू नको. उलटं आहे. उणे एक म्हणजे काही येईपर्यंत थांब. त्यामुळे प्लॉटच्या विंडोचे निरोप लगेच पोचतात आणि माझा मुख्य प्रोग्रॅम गोठलेला, प्लॉटवरून माउस फिरवला की मेन विंडो एक पाऊल पुढे सरकायची, पुन्हा गप्प. शून्य द्यायचा असतो.

दुसरी चूक जास्त शहाणपणातून झाली. चेकॲक्टिव्हिटी काही आलं नसेल तर नल, म्हणजे रिकामं उत्तर, परत देतं. मी चांगला प्रोग्रॅमर, नल आला तर पुढचं फंक्शन कशाला बोलवा, म्हणून इफ टाकला. आता विंडो ताणली की जागी होते, फुलीने बंद होते, पण चार्ट मात्र येतच नाही, ताणलं की कधीतरी उगवतो. याच्यामागे दोन दिवस. शेवटी सोर्स उघडून बघितला तर रनहँडलर्सला नल दिला की ते गप्प बसत नाही, उलट नल आला तरच ते पोलिंगवाली, म्हणजे अधूनमधून उरकायची, कामं करतं. आणि एक्स११ चं हल्लीचं कैरोवालं (कैरो म्हणजे चित्र काढायची लायब्ररी) डिव्हाइस आधी पडद्यामागे एका बफरवर चित्र काढतं आणि मग सवडीने विंडोवर उतरवतं, ते सवडीने उतरवायचं काम नेमकं त्या पोलिंगमध्ये. म्हणजे मी ज्या क्षणी "काही काम नाही" म्हणून परत फिरत होतो त्याच क्षणी चित्र उतरायचं होतं. इफ काढला, चार्ट आला. आतापर्यंत कोडात मी कुठे कॉमेंट लिहीत नव्हतो, त्या ओळीच्या वर मात्र मोठी कॉमेंट आहे, हा इफ परत टाकू नका.

मध्ये एक आठवडा थ्रेडच्या (एकाच प्रोग्रॅममध्ये समांतर चालणाऱ्या कामांच्या) नादात घालवला तो पण सांगून टाकतो. टीममधला एक पोरगा म्हणाला आर ला वेगळ्या थ्रेडमध्ये टाका ना, लूपची भानगडच नको. टाकलं. दोन दिवस छान चाललं. तिसऱ्या दिवशी दर तासाला एक क्रॅश, आणि दर वेळी वेगळ्या ठिकाणी, कधी गार्बेज कलेक्टरमध्ये (नको असलेली मेमरी मोकळी करणारा भाग) तर कधी फाँटमध्ये. आर हे एका थ्रेडचं जनावर आहे. स्वतंत्र थ्रेडमध्ये चालतं, पण मग बाकी कुठल्याही थ्रेडने त्याच्या अंगाला हातसुद्धा लावायचा नाही, आणि माझा टायमर मेन थ्रेडमधून बिनधास्त हँडलर्स चालवत होता. वर स्टॅकची तपासणी आरइनसाइडने बंद केलेली, त्यामुळे ओरडणारं पण कुणी नाही. चूक माझीच. परत मेन थ्रेडवर आलो. सगळ्यात सुरक्षित रस्ता म्हणजे आर ला वेगळ्या प्रोसेसमध्येच ठेवणं, आरस्टुडिओ, आरकेवॉर्ड हे आर चे तयार फ्रंट एंड तेच करतात, आर कोसळलं तरी तुमचा प्रोग्रॅम उभा राहतो. आज पहिल्यापासून करायचं असतं तर मी तेच केलं असतं. पण तेव्हा आकडे इकडून तिकडे पाठवायचा सगळा पसारा पुन्हा मांडायचा धीर नव्हता आणि साहेबांचा फोन दर सोमवारी यायचा.

मग पुढचा प्रश्न, मोठं कॅल्क्युलेशन चालू असताना मेन विंडो गोठते. याला आर ने एक खिडकी ठेवलेली आहे. आर कोड चालवताना दर साधारण हजार इव्हॅल्युएशननंतर एकदा थांबून बघतं की कुणी कंट्रोल सी दाबलं का, आणि त्याच झटक्यात आर पोल्डइव्हेंट्स नावाचा एक फंक्शन पॉइंटर बोलवतं. त्या पॉइंटरमध्ये मी माझं फंक्शन बसवलं, आत क्यूटीचं साचलेले निरोप उरकणारं प्रोसेसइव्हेंट्स. जुना पॉइंटर जपून ठेवायचा आणि आपलं झालं की त्याला पण बोलवायचं, नाहीतर टीसीएल-टीके (विंडो बनवायचं दुसरं साधन) वापरणारं एखादं पॅकेज लोड झालं की त्याच्या विंडो मरतात. थांबवा म्हणून एक बटण दिलं, ते फक्त आर इंटरप्ट्स पेंडिंग हा व्हेरिएबल एक करतं, बस. तिथूनच एरर फेकायच्या फंदात पडू नका, क्यूटीच्या अर्धवट चाललेल्या फंक्शनांवरून लाँगजंपची उडी बसेल. फ्लॅग लावून गुपचूप परत यायचं, आर पुढच्या ओळीत स्वतःच बघतं आणि स्वतःच थांबतं.

अर्थात आता नवीन भोक पडलं. आर अर्ध्यात असताना क्यूटी जागं, म्हणजे युजर दुसरं बटण दाबू शकतो, म्हणजे आर च्या पोटात पुन्हा आर. एका ऑपरेटरने चार्ट यायला उशीर होतोय म्हणून तेच बटण अकरा वेळा दाबलं, लॉगमध्ये मोजले मी. म्हणून एक व्यग्र नावाचा फ्लॅग ठेवला, तो लागलेला असताना आर कडे जाणारं काहीही रांगेत टाकायचं. आणि मॅट्रिक्सची मोठी भानगड असेल, जी आतमध्ये फोरट्रानमध्ये चालते, तिथे हजार इव्हॅल्युएशनवाली खिडकी उघडतच नाही, तिथे प्रोग्रॅम गोठतोच. त्याला आजही माझ्याकडे औषध नाही, रेतीघड्याळ दाखवतो.

इथपर्यंत आल्यावर काम संपलं असं मला वाटलं होतं. साहेब आले, चार्ट बघितला, लिमिटच्या बाहेर गेलेल्या लाल ठिपक्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले याच्यावर क्लिक केलं की बॅच नंबर दिसायला पाहिजे.

आर मध्ये त्याला लोकेटर आहे, आयडेंटिफाय आहे, चार्टवर कुठे क्लिक झालं ते सांगणारी फंक्शनं, म्हटलं हे तर दोन मिनिटांत. पण एक्स११ डिव्हाइसमधलं लोकेटर क्लिक येईपर्यंत एक्स सर्व्हरच्या पुढच्या इव्हेंटसाठी अडून बसतं, तिथे ना टायमर चालतो ना पोलिंग. तुम्ही प्लॉटवर क्लिक केलं नाही आणि चहाला गेलात तर मेन प्रोग्रॅम चहा होईपर्यंत बंद, तिकडे मशीनवरून येणारे आकडे तुंबलेले. हे काही चालणार नव्हतं. मग शेवटी जे टाळत होतो तेच करावं लागलं, स्वतःचं ग्राफिक्स डिव्हाइस लिहायचं, म्हणजे आर म्हणेल रेघ मार, चौकोन काढ, अक्षर लिही, आणि ते क्यूटीच्या पेंटरने माझ्याच विंडोत काढायचं.

ऐकायला भयंकर वाटतं पण अडीच महिन्यांतला हाच सगळ्यात मजेचा भाग. एक स्ट्रक्चर भरायचं, त्यात वीसेक फंक्शन पॉइंटर, रेघ, वर्तुळ, पॉलिगॉन, अक्षराची रुंदी, नवीन पान वगैरे. पहिला हिस्टोग्राम आला तो वटवाघळांसारखा वरून लटकलेला. क्यूटीमध्ये वाय खाली वाढतो, आर ला मी शून्य खाली आहे असं सांगितलं होतं. बॉटममध्ये उंची आणि टॉपमध्ये शून्य टाकलं, सरळ झाला. वाय ॲक्सिसचं नाव तरी उलट्या दिशेने फिरलेलं, कारण आर चा कोन घड्याळाच्या उलट मोजतात आणि क्यूटीचा घड्याळाप्रमाणे, तिथे एक वजा चिन्ह. मग क्यूसीसीचा चार्ट काढला तर लिमिटच्या बाहेरचे ठिपके चक्क निळे. मला वाटलं थीम बदलली का काय. आर च्या रंगात लाल सगळ्यात खालच्या बाइटमध्ये असतो, क्यूटीच्या रंगात तिथे निळा. लाल-निळ्याची अदलाबदल केली. काळा, पांढरा, करडा हे दोन्हीकडे सारखेच, त्यामुळे तोवर लक्षातच आलं नव्हतं.

अक्षरांच्या मापाकडे मी दुर्लक्ष केलं होतं, मेट्रिकइन्फो नावाच्या फंक्शनमध्ये सगळीकडे शून्य परत देत होतो. जुन्या प्लॉटला साधारण चालून जातं, जीजीप्लॉट या चार्टच्या पॅकेजला नाही, टायटल चार्टच्या डोक्यावर चढतं. आणि शिफ्टची नावं मराठीत होती, पहिली पाळी, दुसरी पाळी, ती लेजेंडमध्ये फ्रेंच वाटणाऱ्या चिन्हांची माळ होऊन आली, कारण मी स्ट्रिंग लॅटिन-१ (पश्चिम युरोपीय अक्षरांचं एन्कोडिंग) धरून वाचत होतो. यूटीएफ-८ केलं की क्यूटी जोडाक्षरं नीट बसवतं, "तिसरी रात्रपाळी" मधला त्र पहिल्यांदा पडद्यावर अखंड दिसला तेव्हा मी उगाच पाच मिनिटं ती विंडो उघडी ठेवली होती.

विंडो ताणली की काय करायचं, हा मूळ विषय. आर प्रत्येक डिव्हाइससाठी काय काय काढलं याची यादी ठेवतं, डिस्प्ले लिस्ट म्हणतात. नवीन माप स्ट्रक्चरमध्ये टाकायचं आणि जीई प्लेडिस्प्लेलिस्ट बोलवायचं, सगळं चित्र नव्या मापात पुन्हा काढलं जातं, अक्षरं फाटत नाहीत, ठिपके लंबगोल होत नाहीत. पण कोपरा ओढताना रिसाइझचे निरोप धबधब्यासारखे येतात आणि माझ्याकडे एकेका चार्टवर ४० हजार ठिपके, प्रत्येक निरोपाला सगळे परत काढायचे म्हटल्यावर विंडो माउसच्या मागे रांगत यायची. म्हणून ओढणं चालू असताना जुनं चित्रच ताणून दाखवायचं, थोडं धुरकट दिसतं, दिसू दे, आणि शेवटच्या निरोपानंतर १२० मिलिसेकंद शांतता गेली की मगच एकदा खरं चित्र. हा आकडा मी ८० पासून ३०० पर्यंत सगळा करून बघितला, ८० ला हात थोडा थांबला की अडखळतं, ३०० ला "हे हँग झालं का" असं विचारतात.

आणि इथे पण तो व्यग्र फ्लॅग. आर आधीच काही काढत असताना, पोलिंगमधून क्यूटी जागं होऊन, त्यातून रिसाइझ येऊन, त्यातून परत डिस्प्ले लिस्ट, असा एक क्रॅश डेमोच्या आदल्या रात्री पावणेबाराला सापडला. व्यग्र असेल तर फक्त ताणून दाखवायचं आणि "बाकी आहे" म्हणून खूण ठेवायची, आर मोकळं झालं की ती खूण बघायची. क्लिकसाठी तर लोकेटर लागलंच नाही, ठिपके मीच काढलेले, कुठला ठिपका कुठे आहे ते माझ्याकडे आहेच, माउस आला की जवळचा शोधायचा आणि बॅच नंबर दाखवायचा, आर ला विचारायचं कशाला.

डेमो झाला. साहेबांनी विंडो चारी बाजूंनी ओढून बघितली, ठिपक्यावर क्लिक केलं, बॅच नंबर आला, ते त्या बॅचबद्दल कुणालातरी फोनवर झापायला बाहेर गेले आणि परत आलेच नाहीत, बिल त्याच आठवड्यात पास झालं.

जुनं एक्स११ वालं डिव्हाइस मी काढून टाकणार होतो. पण रात्रपाळीच्या सुपरवायझरांनी सांगितलं ते राहू द्या, ती वेगळी विंडो दुसऱ्या मॉनिटरवर टाकून ठेवता येते आणि मेन प्रोग्रॅम मिनिमाइझ केला तरी ती जात नाही. त्यामुळे मेनूत सगळ्यात खाली "जुनी विंडो" असा एक ऑप्शन अजून आहे, आणि त्या एकासाठी ५० मिलिसेकंदांचा टायमर रोज रात्रभर चालतो.